कौसाबाईंचा खोकला

डॉक्टर भगवंत विशे सुई देत नाहीत, हे कॅम्प चारच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. ताप येवो की अंग मोडून येवो, हा माणूस आधी घसा बघणार, मग पोट दाबणार, मग तीन दिवसांच्या गोळ्या लिहून सांगणार, "पाणी भरपूर प्या आणि शनिवारी मला तोंड दाखवून जा." ज्यांना उद्या सकाळी कारखान्यात उभं राहायचंच असे, ते वैतागून दुसरीकडे जात. बाकीचे मात्र एकतीस वर्षं त्यांना धरून होते. आई यायची, मग तिची मुलगी यायला लागली, आता त्या मुलीची मुलं यायची.

दवाखाना म्हणजे जुन्या बराकीच्या पुढच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, आत टेबल आणि हिरव्या पडद्यामागे तपासायची खाट. बाहेर जनी बसायची. पन्नाशीची, बोलायला फटकळ. नंबर लावणं, वजन करणं, प्रेशर मोजणं आणि पेशंटची कार्डं काढून ठेवणं ही तिची कामं. डॉक्टर राहायला अंबरनाथला होते, मूळचे मुरबाडकडचे. वडील भातशेती करायचे. बाकावर गावाकडचं कुणी बसलं असलं की डॉक्टरांची भाषा आपोआप बदलायची, आणि जनीला ते ऐकून हसू यायचं.

येणारी दुखणी नेहमीचीच. सर्दी, जुलाब, सांधे, साखर, प्रेशर. जीन्सच्या कारखान्यातली पोरं गजकर्ण घेऊन यायची, आणि तेही मेडिकलवाल्याकडचं मलम चार महिने चोपडून मांडीभर पसरवलेलं. डॉक्टर त्यांना ओरडायचे. ओरडणं हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे, असं लोक धरून चालले होते. गोळ्या मध्येच बंद करणारा पेशंट दिसला की त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

कौसाबाई पहिल्यांदा आल्या त्या गुडघ्यासाठी. साठीच्या आसपासचं वय, बारीक चण, हाताला सदा उडदाच्या पिठाचा वास. चाळीस वर्षांपूर्वी बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातून लग्न होऊन कॅम्प चारला आल्या होत्या. नवरा वारला होता. मुलगा राजू अंबरनाथच्या एका कंपनीत, सून आणि नातू घरात. त्या स्वतः सोनियाभाभी नावाच्या सिंधी बाईंच्या घरी पापड लाटायला जायच्या. मिऱ्याचा पापड, इतका पातळ की खालच्या पाटाच्या रेषा दिसाव्यात. सहा-सात बायका गोल करून बसायच्या. कौसाबाई त्यांत सगळ्यांत जुन्या.

गुडघा बघता बघता जनीने प्रेशर मोजलं आणि भुवया वर करून कार्ड आत दिलं. वरचं एकशे बहात्तर, खालचं शंभर. दोन वेळा बोलावून पुन्हा मोजलं, तरी तेच.

"मला तर काय व्हत नाय," कौसाबाई म्हणाल्या. "डोकं नाय दुखत, चक्कर नाय."

"काही होत नाही तेव्हाच गोळी घ्यायची असते. होईल तेव्हा उशीर झालेला असेल."

"पन एकदा लागली का कायमची, बोलतात."

डॉक्टरांनी त्या दिवशी बाहेर नंबर खोळंबलेले असताना त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. नळाला प्रेशर जास्त झालं की पाईप कुठे फुटतो, हे कागदावर काढून दाखवलं. कौसाबाईंनी तो कागद घडी करून कनवटीला लावला आणि गोळी सुरू केली. पुढे पाय सुजायला लागले, तेव्हा दिवाळीनंतर डॉक्टरांनी गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली. ती छान लागू पडली. सूज गेली, प्रेशर एकशे अठ्ठावीसवर आलं. कौसाबाई दर महिन्याला रिकामं पाकीट आणून टेबलावर ठेवायच्या, शाळकरी पोराने वही दाखवावी तशा. डॉक्टर इतरांना सांगायचे, "या बाईंकडून शिका जरा."

खोकला सुरू झाला डिसेंबरच्या शेवटी.

तेव्हा सगळेच खोकत होते. हवा गार, वर धूर, बाकावर बसलेल्या दहांपैकी सहा जण खोकणारे. डॉक्टरांनी औषध दिलं, गरम पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. पंधरा दिवसांनी कौसाबाई परत आल्या. कफ नाही, ताप नाही, फक्त कोरडा खोकला. घशात कुणी पिसाने गुदगुल्या कराव्यात तसं होतं, म्हणाल्या, आणि एकदा सुरू झाला की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबत नाही. छाती स्वच्छ होती. डॉक्टरांनी औषध बदललं. फेब्रुवारीत एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. थुंकी दोनदा तपासून आणली, त्यातही काही नाही. मग ऍलर्जीची गोळी झाली, मग आम्लपित्ताची, मग दम्याचा पंप. जनीने स्वतःच्या खर्चाने अडुळशाचा काढा करून दिला. प्रत्येक भेटीत डॉक्टर कार्डावर खोकल्याचं लिहायचे आणि शेवटच्या ओळीत नेहमीचं एक वाक्य टाकायचे: प्रेशर उत्तम, गोळी तीच चालू.

रिपोर्ट स्वच्छ होते, पण कौसाबाईंच्या बराकीतल्या बायकांनी रिपोर्ट वाचले नव्हते. भिंतीपलीकडून रोज पहाटे खोकला ऐकू यायचा तेवढा त्यांना पुरेसा होता. "टीबी असेल," कुणीतरी म्हणालं, आणि मग ते सगळेच म्हणायला लागले. सुनेने काही न बोलता कौसाबाईंचं ताट-वाटी वेगळ्या फळीवर ठेवलं. नातू आजीजवळ झोपायचा, तो आतल्या खोलीत गेला. सोनियाभाभींनी महिनाभर धीर धरला. मग एके दिवशी कौसाबाईंना बाजूला घेऊन हात धरून म्हणाल्या, "मासी, बुरा मत मानना. खाने की चीज है ना. लोक बघतात. ठीक हो जाओ, फिर आओ." कौसाबाई पोळपाटावरचा पापड पुरा लाटून उठल्या.

यातलं डॉक्टरांना फारसं माहीत नव्हतं. कौसाबाईंनी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. खोकताना लघवी थेंब-थेंब होते म्हणून त्या आतून घडी घालून कापड वापरतात आणि चारचौघांत बसायचंच त्यांनी टाळलं आहे, हे फक्त जनीला ठाऊक होतं. तेही डॉक्टरांना सांगायचं नाही या शपथेवर.

एप्रिलच्या अखेरीला कौसाबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. त्या गावी भावाकडे, शिवरामकडे गेल्या, त्या तीन आठवडे राहिल्या. परतल्या तेव्हा चेहरा उजळला होता आणि खोकला पार गेला होता.

"गावची हवा मानवली," त्या म्हणाल्या.

डॉक्टर खुश झाले. इथला धूर, कारखान्यांची धूळ, कपड्याचे तंतू, हेच कारण असणार, असं त्यांनी राजूला समजावून सांगितलं. प्रेशर तेवढं एकशे साठ निघालं होतं. लग्नाची धावपळ, एसटीचा प्रवास, म्हणून त्यांनी कार्डावर लिहिलं: प्रवास, पुन्हा बघू. पुढच्या वेळी बघितलं तर ते खाली आलेलं होतं आणि खोकला परत सुरू झाला होता.

"मग आता आईला गावीच ठेवतो," राजू म्हणाला. "इकडची हवाच नाय झेपत तिला. काय बोलता डॉक्टर?"

"विचार चांगला आहे," डॉक्टर म्हणाले.

कौसाबाई खुर्चीत बसून होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या. सकाळची गर्दी ओसरली होती. हातात कापडी पिशवी होती, आणि जनीशी नेहमीच्या दोन गोष्टीही न बोलता त्या आत येऊन बसल्या.

"रविवारी जाते गावाला. आता तिकडंच."

"चांगलं आहे. मोकळी हवा, भाऊ आहे तिथे."

"भावजय पन हाय," कौसाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं इथं काढली, डाक्टर. तिकडं मी पाव्हणी." मग त्यांनी पिशवीतून रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "प्रेशरच्या गोळ्या चार महिन्यांच्या लिहून द्या. तिकडं जवळ मेडिकल नाय. आनि एक सांगायचं व्हतं. रागावू नका."

"बोला."

"मागल्या टायमाला लग्नाला गेले ना, तवा गोळ्या घरीच राहिल्या. तीन आठवडे एक पन नाय घेतली. तुम्ही लई ओरडता म्हनून बोलले नाय तेव्हा. आल्यावर परत चालू केल्या, देवाशपथ."

डॉक्टरांनी ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

तीन आठवडे गोळी नाही. तीन आठवडे खोकला नाही. गोळी सुरू, खोकला सुरू.

त्यांनी टेबलावरचं पाकीट उचलून पाहिलं, जसं काही त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. या जातीच्या गोळीने काही लोकांना कोरडा खोकला होतो, आणि गोळी थांबवली की तो जातो. हे त्यांना माहीत होतं. शिकाऊ डॉक्टर दोन महिने त्यांच्याकडे बसायला यायचे, त्यांना ते स्वतः हे विचारायचे. कुणाला उत्तर आलं नाही तर ओरडायचेसुद्धा.

"जनी, कौसाबाईंचं जुनं कार्ड दे. पहिलं."

खोकला नव्या कार्डावर होता. गोळी बदलल्याची नोंद जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूला, तळाशी, त्यांच्याच अक्षरात होती. नोव्हेंबरची बारा तारीख. खोकल्याची पहिली नोंद एकोणतीस डिसेंबर. दोन्ही कार्डं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. ते एकशे साठ आणि पुढे लिहिलेला "प्रवास" हा शब्दही दिसला. बाई गोळी घेत नव्हत्या हे त्या आकड्याने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. पण कौसाबाई कधी गोळी चुकवणार नाहीत, याची त्यांना एवढी खात्री होती, आणि त्या गोळीचा एवढा अभिमान, की सगळीकडे शोधलं आणि तिथे मात्र पाहिलंच नाही.

गोळी गुपचूप बदलता आली असती. "गावी ही मिळत नाही, दुसरी देतो" एवढं म्हणायचं. खोकला गेला असता आणि श्रेय गावच्या हवेला मिळालं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला, स्वच्छ आणि पूर्ण वाक्यात आला, हे त्यांनी पुढे बायकोला सांगितलं तेव्हा लपवलं नाही. पण समोर पिशवी मांडीवर घेऊन ती बाई बसली होती, जी रविवारी आपलं घर सोडून जाणार होती. तेही त्यांच्याच सल्ल्याने.

"कौसाबाई, तुम्हाला गावी जायची गरज नाही," ते म्हणाले. "तुमचा खोकला हवेचा नाही. या गोळीचा आहे."

कौसाबाईंना कळलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. ही गोळी प्रेशरला चांगली आहे, पण काही जणांच्या घशाला सोसत नाही. तुमच्या घशाला सोसली नाही. मी ते आधीच ओळखायला हवं होतं.

"म्हंजे खोकला तुम्ही दिलेला?"

"हो."

बाहेर जनीचं कार्डं लावणं थांबलं.

"पाच महिने," कौसाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पाच महिने खोकते हाय, डाक्टर. माजं ताट वेगळं हाय. पोरगं जवळ येत नाय. भाभीनं कामावरनं काढलं. मी रोज सकाळी चहासंगं तुमची गोळी घेतली. एक दिवस चुकवली नाय. लग्नाला गेले तेवढीच."

"माझी चूक झाली," एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि हे वाक्य आपण या खुर्चीत बसून कधी म्हटलं होतं, हे त्यांना आठवेना.

त्यांनी नव्या जातीची गोळी लिहिली. खोकला लगेच नाही जाणार, दोन-तीन आठवडे, कधी महिनाही लागेल, हेही सांगितलं. कौसाबाईंनी चिठ्ठी घेतली, पण उठल्या नाहीत.

"मी सांगून कोन ऐकनार? तुम्ही चला घरी. राजूला सांगा. आजूबाजूच्या बायांना सांगा. तुमच्या तोंडानं."

दुपारी दवाखाना बंद करून डॉक्टर त्यांच्या मागोमाग निघाले. जनीही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. राजूची त्या दिवशी सुट्टी होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भडकला. "फोटो काढला, थुंकी तपासली, पंप घ्यायला लावला. अन् आता बोलता गोळी? तुम्हीच बोललात ना, गावी ठेव म्हणून?" डॉक्टर दारात उभे राहून ऐकत राहिले. त्याचं संपल्यावर म्हणाले, "तू बोलतोस ते खरं आहे. आईला टीबी नाही, कधीच नव्हता. तिचं ताट आजपासून तुमच्यातच ठेवा." ते मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाले. शेजारच्या दारात दोन बायका उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं.

सून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे खाली होते.

सोनियाभाभींकडेही डॉक्टर गेले. भाभींनी पाणी दिलं, सगळं ऐकून म्हणाल्या, "डॉक्टरसाब, आप बोल रहे हो तो ठीक है. पर खांसी जाने दो पहले." हे बरोबरच होतं.

पहिला आठवडा काहीच फरक पडला नाही. राजूने फोन करून विचारलं, "नक्की ना, डॉक्टर?" नक्की, ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच नक्की वाटेना. दहाव्या दिवशी त्यांनी पुन्हा एक्स-रे काढण्याची चिठ्ठी लिहिली आणि खणात ठेवली. चौदाव्या दिवशी जनी सकाळी येऊन म्हणाली की काल कौसाताई तिच्याकडे अर्धा तास बसल्या होत्या, एकदाच खोकल्या. तिसरा आठवडा संपता संपता खोकला गेला. चिठ्ठी फाडून टाकताना डॉक्टरांना हायसं वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

तेव्हाच जनीने शपथ मोडली. "पेशंट तुमच्याशी बोलत नाहीत, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्याशी बोलतात. तुम्ही ओरडता." मग तिने कापडाचं सांगितलं. खोकला गेल्यावर तो त्रास कमी झाला होता, पण गेला नव्हता. कौसाबाईंना संकोच वाटू नये म्हणून डॉक्टरांनी या वेळी मुद्दाम स्वतः विचारलं नाही. स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम जनीला नीट शिकवला आणि जनीने तो पडद्यामागे कौसाबाईंना शिकवला. दोघींचं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

कौसाबाई लगेच मवाळ झाल्या असं नाही. दोन महिने त्या प्रेशर मोजायला यायच्या, जनीकडून आकडा घ्यायच्या आणि आत न येता जायच्या. एकदा आत आल्या त्या एका मागणीसाठी. "मला न सोसनारी गोळी कागदावर लिहून द्या. मराठीत. दुसऱ्या कुनी डाक्टरनं दिली तर दाखवीन." डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात गोळीचं नाव लिहून दिलं. ते त्यांनी सोबत आलेल्या राजूकडून वाचून घेतलं आणि मगच पिशवीत ठेवलं. नव्या गोळीबद्दलही विचारलं, "ह्याच्यानं काय व्हतं? समदं सांगा. वाईट पन." डॉक्टरांनी सगळं सांगितलं.

भाभींच्या पाटावर त्यांची जागा दुसऱ्या बाईने घेतली होती. तिला उठवायला भाभी तयार नव्हत्या. कौसाबाईंना गणपतीच्या आधी जास्तीचं काम निघेपर्यंत थांबावं लागलं, आणि मग त्या गोलात सगळ्यांत शेवटी, दाराजवळ बसल्या. नातू मात्र पहिल्याच आठवड्यात आपली उशी घेऊन आजीजवळ परत आला होता. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांचं ओरडणं पुरतं सुटलं नाही. एकतीस वर्षांची सवय होती. पण एका रविवारी जनीला बोलावून त्यांनी कार्डांचे सगळे खण उपसले आणि ती गोळी कुणाकुणाला चालू आहे ते काढलं. एकवीस जण निघाले. एकेकाला बोलावून घेतलं. बहुतेकांना काहीच त्रास नव्हता. सोळावा धर्मराज, चिखलोलीच्या एका नव्या इमारतीत वॉचमन, शांत माणूस. दोन वर्षं नियमाने गोळ्या न्यायचा, कधी तक्रार नाही.

"खोकला येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही साहेब. काही त्रास नाही."

पूर्वी डॉक्टर इथेच पुढच्या नंबरला हाक मारत. या वेळी त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

"मी रागावणार नाही. अगदी थोडासासुद्धा?"

धर्मराजने दाराकडे पाहिलं, मग जनीकडे. "तो काय, असतोच हो थोडा," तो म्हणाला. "घरातली आता उठतसुद्धा नाहीत त्याने."

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं, आणि ते ऐकत बसले.